आधी हत्ती, मग खोली

"आधी हत्ती, मग खोली!" खिद्रापूरला कृष्णेकाठच्या त्या छोट्या हॉटेलात पाऊल टाकलं आणि हे कानावर आदळलं. समोर हॉटेलच्या मालकीण, साठीच्या अक्का उभ्या, किल्ली पदराच्या गाठीला. "ब्याग ठेवा हितं. देवळाच्या पायाला दगडी हत्ती हायती, त्यातला एक आवडता ठरवून या. मग खोली उघडतो."

गेलो, करतो काय! आणि खरं सांगतो, वेडा झालो. एकेक हत्ती वेगळा नटलेला. देवळापुढच्या स्वर्गमंडपात मान वर केली तर छताला मोठा गोल मोकळा आणि त्यातून आभाळ थेट आत! परत आल्यावर अक्कांनी माझा हत्ती विचारून घेतला. पसंत पडला असावा, कारण खोली नदीकडची मिळाली. "माणसं फोटू काढून पळत्यात वं पावणं," त्या म्हणाल्या. "एक रात ऱ्हायलं तरच ह्ये देऊळ कळतंय."

पण राहायला येतंय कोण? त्यांचा मुलगा सुकुमार इचलकरंजीत यंत्रमाग चालवायचा. "अव्वा, रिकाम्या खोल्या किती दिस झाडणार? दिवाळीला कुलूप घालू आणि माझ्याकडं चल," फोनवर हाच त्याचा धोशा. फोन ठेवून अक्का पुन्हा झाडू उचलायच्या. मला ते बघवेना. कोल्हापूरला परतून आमच्या गल्लीतली पंधरा माणसं जमवली, सगळ्या खोल्या ठरवल्या. भरलेलं हॉटेल डोळ्यांनी बघ म्हणून सुकुमारलाही बोलावलं.

आणि वाटेत आमची मंडळी नृसिंहवाडीत बासुंदीला बसली ती उठेचना! पोचलो तर दिवस मावळलेला. अक्का जैन, दिवस मावळल्यावर त्यांची चूल पेटत नाही, आणि गार भाकरी पाहुण्याला वाढणं त्यांना ठाऊक नाही. वांगी चिरून, पीठ चाळून सगळं आमच्यासाठी खोळंबलेलं. मंडळी कुरकुरायला लागली. गल्लीतले बँकवाले पाटील तर बॅग उचलूनच म्हणाले, "चला, हमरस्त्याला ढाबा गाठू. मुक्काम पण तिकडंच." सुकुमारनं माझ्याकडं बघून 'बघितलंसा?' अशी मान हलवली.

"जातासा कुठं?" अक्का कडाडल्या. "नेम माझा हाय, तुम्ही का उपाशी ऱ्हायचं? अंगणात दगडं मांडा, पेटवा चूल! पीठ हाय, वांगी हायती, हात तुमचं लावा."

मग काय, नुसता धुरळा! आमच्या गल्लीतल्या शेजारच्या काकी भाकऱ्या थापायला बसल्या. पाटील फुंकणी फुंकून लालबुंद. सुकुमार पाणी आणतोय, लाकडं फोडतोय. आणि अक्का, स्वतः पाण्याचा घोटही न घेता, उंबऱ्यावरनं हुकूम सोडतायत, "मीठ दमानं घाला! आन् ही भाकरी हाय का नकाशा?" हसून हसून आमची पोटं दुखली. तसलं वांगं मी जन्मात खाल्लं नाही, आणि पाटील तर कढई पुसून खात होते.

सकाळी निघताना काकी म्हणाल्या, "अक्का, पुढच्या महिन्यात आमच्या भिशीच्या बायका आणतो. पण उशिराच येणार बघा, चूल आम्हीच पेटवणार!"

अक्का खळखळून हसल्या. सुकुमारकडं बघितलं तर तो त्या काळ्या झालेल्या दगडांपाशी उकिडवा बसून वितीनं जागा मोजत होता.

"अव्वा, हितं पक्की चूल बांधूया काय? दोन भांडी बसतील अशी?"

अक्कांचे डोळे भरून आले. पण आवाज तोच, खणखणीत.

"तीन बसतील अशी बांध की रं. माणसं लई येणार हायती."