जपानी साहेबाचा नकाशा

महाळुंग्याच्या कंपनीत ट्रेनी असताना मी जपानी साहेबाचा जगाचा नकाशा कटरनं कापला. परवा लेकीसाठी नवा नकाशा आणला, गुंडाळी सोडताच शाईचा तोच उग्र वास आला आणि माझे हात आपोआप खिशात गेले.

साहेबानं त्याचा तो नकाशा तेव्हा मला त्याच्या केबिनमध्ये लावायला दिला होता. बघतो तर मधोमध जपान आणि अमेरिका उजवीकडं! आमच्या शाळेत अमेरिका कायम डावीकडं असायची. म्हटलं, छपाई चुकलीय. दुरुस्त करून दिली तर साहेब खूश, नोकरी पक्की! प्रशांत महासागर उभा चिरला आणि अमेरिका उचलून डावीकडं चिकटवली.

साहेब आला आणि कापलेल्या रेषेवरून बोट फिरवू लागला. मला गावाकडची एसटी दिसू लागली. मग तो खदखदून हसला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आमच्या शाळेत असाच असतो." त्यांच्या शाळेत त्यांचा देश मधोमध, यात नवल ते काय, असं आज वाटतं. तेव्हा मात्र नोकरी वाचली एवढंच कळलं आणि मी मटकन खुर्चीत बसलो, तीही साहेबाच्याच.

दारात उभा असलेला आमचा सुपरवायझर म्हणाला, "वाचलास भावा! पर कटिंग मशीनला तुला कवाच हात लावू देनार न्हाई."