गिटारमागची गुणगुण

सासूबाई गेल्यानंतर मैलूरच्या घरात आठवड्याचे पाच दिवस आम्ही दोघंच असायचो, मी आणि माझे सासरे. नवरा हैदराबादला नोकरीला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. सासऱ्यांना मी त्याच्यासारखंच अप्पा म्हणते. ते वायरमन होते. चिटगुप्प्याच्या आसपासच्या खेड्यांतले खांब चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुळात मितभाषी, त्यात सासूबाई गेलेल्या. जेवण, गोळ्या आणि नळाचं पाणी, यापलीकडे आमच्यात बोलणं जात नसे.

मी शाळेत गणित शिकवते. कलबुर्गीला बी.एड. करताना खोलीतल्या मैत्रिणीकडून गिटार शिकले होते. लग्नानंतर ती गिटार माझ्यासोबत आली आणि बरीच वर्षं कपाटावर पडून राहिली. सासूबाईंच्या आजारपणानंतर मी ती पुन्हा हातात घेतली. शाळेतून आले की अर्धा तास वाजवायची. चाली सुचायच्या आणि आठवड्याभरात विसरायच्या. त्या कुठंतरी नीट साठवून ठेवाव्यात असं वाटू लागलं.

गिटारला तारांचा आवाज वायरीतून बाहेर काढणारा पिकअप होता. तिची वायर घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या माईकच्या भोकात घातली. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला आणि तोही उशिरा. तार छेडली की हेडफोनात ती क्षणभरानं ऐकू यायची. त्या उशिरात माझी लय चुकायची. बाहेरून जोडायचं साउंड कार्ड घ्यावं लागणार, हे कळलं. मग मी व्हिडिओ बघून वहीत तक्ते आखले. कुठल्या कार्डाला किती इनपुट, कुणाचे किलोहर्ट्‌झ जास्त. दोन आठवडे झाले तरी ठरेना.

एकदा अप्पा वहीत डोकावले. "काय करायलीस ह्ये? पोरांचे पेपर हायत का?"

मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. पूर्ण तक्ता बघितला आणि म्हणाले, "आकड्यावर जाऊ नको. डब्यावर लिवलेलं येगळं आन् तारेत आलेलं येगळं. तुला काय पायजे ते आदी सांग."

"वाजवलं की त्याच क्षणाला कानात यायला पाहिजे. आणि गिटार गिटारसारखी वाटायला पाहिजे."

"मग ह्ये दोनच लिव. बाकीचं खोड."

मी खरंच खोडलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचे डोळे दाखवायला कलबुर्गीला जायचंच होतं. डॉक्टरांकडून आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. मी गिटार बरोबर घेतली होती. दुकानदारानं सगळ्यात मोठं कार्ड पुढं केलं. "आठ चॅनेलचं न्या मॅडम. पुढंमागं बँड काढला तर?"

"वाजवणार ही एकटी," अप्पा म्हणाले. "आठ जण कुठून आणू? ल्हान दाखवा."

त्यानं तळहाताएवढं एक कार्ड लावून दिलं. गिटारसाठी वेगळं भोक आणि एक बटण. ते एका बाजूला फिरवलं की गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात. मी वाजवलं. बोट आणि आवाज एकत्र. मी काही म्हणायच्या आत अप्पांनी हेडफोन मागितला. टोपी काढून त्यांनी तो कानावर चढवला. "वाजीव."

मी नुकतीच सुचलेली एक चाल वाजवली. अप्पांनी डोळे मिटले. मध्येच दुकानदार गॅरंटीचं सांगू लागला, तर त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. तो गप्प झाला. चाल संपली तरी थोडा वेळ हेडफोन कानावरच होता.

"ह्येच घे," एवढंच म्हणाले.

घरी येऊन जोडलं आणि माझा हिरमोड झाला. गिटारच्या मागं सारखी गुणगुण. तारांवर हात असला की कमी, हात उचलला की जास्त. वायर बदलली, भोक बदललं. मला वाटलं, कार्डच खराब. "परत करून येते," म्हणत मी खोक्यात भरायला घेतलं.

"थांब की जरा." अप्पा टेस्टर आणि एक बल्ब घेऊन आले. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येतात, हे मी बोलून गेले. ते एकदम थबकले. बोर्ड उघडून त्यांनी बल्ब लावून बघितला. तो पेटला नाही, तसे ते तिथंच जमिनीवर बसले.

"कार्ड चांगलं हाय," ते म्हणाले. "घराला अर्थिंग न्हाई."

मला कळेना. वायरमनच्या घराला अर्थिंग नाही?

"तुझ्या सासूला चालवंना म्हणून न्हाणीघर खोलीजवळ घेतलं न्हवं, तवा अर्थिंगचा खड्डा गेला त्यात. नंतर करू म्हणलं." ते बराच वेळ टेस्टरचं टोक अंगठ्यानं पुसत राहिले. "नंतर मग हात लावूच वाटलं न्हाई, बाई. साऱ्या तालुक्याला अर्थिंग केलं आन् तुला इथं मुंग्या यायल्यात."

त्या आजारपणाबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले. चहा ठेवावा असंही सुचलं नाही.

रविवारी अंगणात खड्डा खणला. नवरा आला होता. पहार त्याच्याकडं, माती काढायला मी. आमच्याकडची लाल जमीन दगडासारखी, दुपारपर्यंत खड्डा कमरेएवढाही झाला नाही. अप्पा कडेला बसून सांगत होते. शेवटी त्यात अर्थिंगचा पाइप उभा राहिला. इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा आणि खडेमीठ यांचे थर अप्पांनी स्वतःच्या हातानं दिले, वरून पाणी सोडलं, तार आवळली.

"आता बघ जा."

मी हेडफोन लावला. काहीच ऐकू येईना, म्हणून आधी घाबरले. मग एक तार छेडली आणि ती एकटीच, स्वच्छ, शेवटपर्यंत ऐकू आली. मी आतूनच ओरडले, "गेली, अप्पा!" बाहेर ते नवऱ्याला म्हणाले, "जाणारच की."

त्या वर्षात माझ्या पाच चाली रेकॉर्ड झाल्या. शाळेतून येऊन मी कार्ड जोडलं की अप्पा दाराशी येऊन बसतात. एकदा त्यांनी विचारलं, "ह्ये सारं तुलाच सुचलेलं हाय?"

"व्हय."

"मग इतके दिवस कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

अप्पा हसले. मग म्हणाले, "ती तिसरी लाव. हळू चालती ती."