समोरच्या भाऊजींचा अलार्म

आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहणाऱ्या भाऊजींइतका गाडीला जपणारा माणूस अख्ख्या काळेवाडीत सापडायचा नाही. लोक मोटारसायकल धुतात, पुसतात. हे तिच्याशी बोलायचे. चाकणच्या कंपनीत कामाला, पण जायचे कंपनीच्या बसने. गाडी दिवसभर गल्लीत उभी. ती फक्त गावी जायला. तिकडे पारनेरच्या बाजूला त्यांची बायको सारखी आजारी असायची आणि संध्याकाळनंतर त्या गावाला एसटी नव्हती. पहिली गाडी चोरीला गेली त्याच आठवड्यात बायकोला दवाखान्यात नेल्याचा फोन आला, आणि हे स्टँडवर नुसते बसून राहिले. म्हणून दुसरी गाडी घेतली तेव्हा तिला अलार्म बसवायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अलार्म घ्यायला माझ्या नवऱ्याला घेऊन डांगे चौकात गेले. आपण माठ घेताना वाजवून बघतो, तसा दुकानातला एकेक अलार्म वाजवायला लावला. "हा रडका हाय." "हा अँब्युलन्ससारखा वाजतो, लोक चोराला वाट करून देतील." शेवटी दुकानदाराने हात जोडले. "काका, आता चोरालाच घेऊन या. त्याला आवडंल तो देतो." तरी सगळ्यांत कर्कश होता तोच घेतला, आणि बसवणाऱ्याला बजावलं, "वारं लागलं तरी बोंबलली पाहिजे."

तशीच बोंबलली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सीटवर गोधडी वाळत टाकली आणि गाडीने गल्ली डोक्यावर घेतली. तिला गप्प करायचे रिमोट होते दोन. एक भाऊजींच्या खिशात, चाकणला. दुसरा त्यांच्या कुलूपबंद खोलीत. संध्याकाळी घरमालक भाऊजींच्या दारात उभे. "अलार्म काढा, नाहीतर गाडी गल्लीतून हलवा." भाऊजी सीटवरून हात फिरवत राहिले. मी तर भाजीवाल्यालाही न बोलता बोटाने भाजी दाखवणारी बाई. पण तोंडातून गेलंच, "दुसरा रिमोट माझ्याकडं द्या. मी बघत जाईन." घरमालक माझ्याकडे बघतच राहिले. "ह्या बोलतात व्हय?"

तेव्हापासून गाडी ओरडली की बायका मला हाका मारायच्या, "अगं, पोर उठलं तुझं!" मी भांड्यांचे हात तसेच घेऊन पळायची. दसऱ्याला तिच्यापुढे नारळ फोडला तर भर पूजेत तिने गळा काढला. भाऊजींची छाती फुगली. "बघा वहिनी, मालकालासुद्धा सोडत नाय!"

यंदा उन्हाळ्यात गावाहून पुन्हा फोन आला. भाऊजी बसमधून उतरले ते तडक गाडीवर बसले. या वेळी वेळेवर पोचले. बायको बरी झाल्यावर चाकणलाच खोली घेऊन तिला तिथे आणलं. इथली खोली सोडून गाडी घेऊन निघाले तेव्हा मी रिमोट पुढे केला, तर घेईनात. "राहू द्या. तिला तुमची सवय झालीय."

आता गल्लीत गोधड्या कुठेही वाळतात. घरमालक खूश आहेत. मी दुपारी भांडी घासताना मध्येच नळ बंद करते आणि थोडा वेळ ऐकते. पण आता मला कुणी हाक मारत नाही.