सिग्नलकाकांची उतरलेली तार

सिग्नलकाका भेंडी डाव्या हाताने निवडायचे. लखनौमधल्या इंदिरा नगरच्या बाजारात भेंडीचं टोक मोडून पाहायची पद्धत सगळ्यांचीच. पण काका उजवा हात खिशात ठेवून हे करायचे. एकदा भाजीवाल्याने विचारलं, "बाबूजी, दाहिने हाथ में तकलीफ़ है क्या?" काका म्हणाले, "तकलीफ नहीं है, ड्यूटी पर है." उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि तीन बोटांची नखं त्यांनी वाढवलेली होती. त्या नखांनी ते गिटार वाजवत, बाकी कुठलंही काम त्यांना वर्ज्य होतं. डाव्या हाताची नखं मात्र मुळापर्यंत कापलेली. हात जोडले की ते दोन वेगळ्या माणसांचे वाटायचे.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळ गाव मिरजेजवळ, पण नोकरीची शेवटची वर्षं लखनौत गेली आणि तिथेच घर झालं. बातमीदार म्हणून माझी लखनौला नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिले. काका मला पत्रकारबाई म्हणत. काकू शास्त्रीय गाणं शिकलेल्या होत्या. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांचा तंबोरा असे आणि दुसऱ्या कोपऱ्यात काकांची गिटार.

गिटारचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं. काकांचा मामेभाऊ इंग्लंडात डॉक्टर होता. पन्नाशीच्या आसपास असताना काकांना त्याने तिथल्या रेडिओवरून भरलेली एक कॅसेट पाठवली. वर नुसतं 'गिटार, साठचं दशक' असं लिहिलेलं. तिथल्या तरुणांनी त्या काळात खेड्यापाड्यांतली जुनी गाणी साध्या लाकडी गिटारवर एकट्याने वाजवायला सुरुवात केली होती, त्यांची ही वादनं. मामेभाऊ दर वेळी बटण उशिरा दाबत असावा. निवेदन कापलेलं, थेट वादन सुरू. त्यामुळे पाच वादक होते आणि एकाचंही नाव नव्हतं.

काकांनी त्यांना स्वतःच नावं दिली. ज्याचा अंगठा एका चालीने खालचे सूर ओढत नेई तो मालगाडी. हळुवार वाजवणारा पॅसेंजर. मध्येच मागे जाऊन पुन्हा पुढे येणारा शंटिंगवाला. पहिल्यांदा ऐकताना खोलीत तीन माणसं वाजवत असावीत असं त्यांना वाटलं होतं. "एकट्या माणसाने तिघांची ड्यूटी केलीय, आणि ओव्हरटाइम मागितलेला नाही," ते म्हणायचे. पुढे मी इंटरनेटवरून पाचही नावं शोधून दिली. त्यांनी ती काळजीपूर्वक लिहून घेतली आणि बोलताना मालगाडीच म्हणत राहिले.

त्यांना त्या लोकांबद्दल प्रश्न पडत. ही माणसं दिवसा काय काम करत असतील? इतक्या ओल्या हवेत लाकूड फुगत नसेल का? नख तुटलं तर त्या रात्रीच्या कार्यक्रमाचं काय? "तुमच्या पेपरातलं कोणी तिकडे गेलं तर विचारायला सांगा," असं ते मला गंभीरपणे सांगत. तारांसाठी ते अमीनाबादजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात जात. दुकानदार दर खेपेला म्हणे, "साहब, इस उमर में हारमोनियम ठीक रहता है." काका दर खेपेला तारांचा एक जास्तीचा संच मागून घेत.

सरावाची त्यांची एक वही होती. सिग्नल खात्यात प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवतात: दोष काय, कारण काय, दुरुस्ती काय. काकांनी तशाच तीन रकान्यांत कॅसेटवरच्या प्रत्येक चिजेचा हिशोब मांडला होता. मी पाहिली तेव्हा सगळ्या नोंदींपुढे 'दोष दूर' लिहिलेलं होतं. एक राहिली होती. शंटिंगवाल्याची चौथ्या क्रमांकाची चीज. दोष: बोटं पोहोचत नाहीत. कारण: टेप मंद. दुरुस्ती: चालू.

टेप मंद असण्यामागे त्यांचा तर्क होता. त्या चिजेत एक सूर गिटारच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षाही खाली जात होता. गिटारमध्ये तो सूरच नाही. म्हणजे भरताना मामेभावाच्या टेपरेकॉर्डरची मोटर जास्त वेगाने फिरली असणार आणि इथे वाजताना सगळंच मंद होऊन खाली घसरलं असणार. म्हणून त्या एका चिजेसाठी काका सहाच्या सहा तारा सारख्या मापाने उतरवत. खालचा सूर मिळे, पण बाकीचे सूर धरायला बोटं विलक्षण ताणावी लागत. काकांनी पट्टीने बोटांमधलं अंतर मोजलं होतं. वाटीत गरम पाणी घेऊन ते रोज बोटं शेकत आणि ताणत.

काकूंनी सुरुवातीलाच एक सुचवलं होतं. ते त्या मला काकांच्या देखतच सांगत. "मी म्हटलं यांना, सगळ्या कशाला उतरवता? एखादीच उतरवून बघा. मालकंसात पंचम नाही, म्हणून तो गाताना मी तंबोऱ्याची पंचमाची तार तेवढी मध्यमावर उतरवते."

"गिटार म्हणजे तंबोरा नव्हे," काका म्हणत. "ती सिस्टीम आहे. तिचं स्टँडर्ड ठरलेलं आहे."

"हो, आणि शंटिंगवाल्याने तुमचं मॅन्युअल वाचलं होतं."

माझ्या तिसऱ्या वर्षी काकांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळहाताकडे वळू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, कातडीखालचा पडदा आखडतो आहे, बोट हळूहळू सरळ होईनासं होईल. या वयात शस्त्रक्रियेची घाई नको. काकांनी विचारलं, किती वेळ आहे? डॉक्टर म्हणाले, वर्षभर, कदाचित थोडं जास्त. घरी येऊन काका मला म्हणाले, "लाइन बंद व्हायच्या आत एक गाडी काढायची आहे. एकदाच, पूर्ण." सराव त्यांनी दुप्पट केला. बोट सुजलं. काकू रात्री तेल लावून देत आणि त्या वेळी टोमणा मारत नसत.

तोपर्यंत मी त्या चिजेची माहिती शोधली नव्हती. ऐकून जमेल तेच आपलं, असा काकांचा नियम होता. बोट पाहिल्यावर मी तो मोडला. जानेवारीतल्या एका दुपारी गच्चीवर उन्हात काकू मटार सोलत होत्या, काका गिटार घेऊन बसले होते. मी त्यांना वाचलेलं सांगितलं: त्या काळातले तिकडचे बरेच वादक काही तारा मुद्दाम वेगळ्या सुरात लावत. या चिजेत सहांपैकी तीनच तारा एकेक सूर उतरवलेल्या आहेत. बाकीच्या तीन जागच्या जागी.

काकूंनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या तीन?"

मी सांगितलं. काकांनी एकेक खुंटी पिळली. काकू ऐकत होत्या. "दुसरी अजून चढी आहे," त्या म्हणाल्या. काकांनी ती आणखी उतरवली.

मग त्यांनी वाजवलं. बऱ्याच तारा मोकळ्याच वाजत होत्या. दोन बोटं पुरत होती. वळलेलं बोट बाजूला हवेत राहिलं, त्याचं काही काम नव्हतं. दोनदा अडखळून, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौथ्या क्रमांकाची चीज पूर्ण झाली. सव्वीस वर्षांनी.

काकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "मोटर ठीक होती."

"मोटर ठीकच होती," काकू म्हणाल्या. "ऐकणाऱ्याचे कान कुठे होते, ते विचारा."

काका उठून खाली गेले. पुढचे कित्येक महिने ती चीज मला वरच्या मजल्यावर ऐकू येई. या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी दिल्लीला बदली झाली. त्यानंतरच्या डिसेंबरात काका हृदयविकाराने गेले. जानेवारीत कामासाठी लखनौला गेले तेव्हा मी काकूंना भेटायला इंदिरा नगरला गेले. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून ती वही काढली आणि शेवटच्या नोंदीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. काकांचं अक्षर, खाली त्या जानेवारीतल्या दुपारचीच तारीख.

चीज क्र. ४. दोष: दूर. कारण: योग्य सूचना सुरुवातीलाच मिळाली होती, कर्मचाऱ्याने ती ऐकली नाही. सूचना देणार: सौ.

"तोंडाने एकदाही म्हणाले नाहीत," काकू म्हणाल्या. "पण लेखी दिलंय."

गिटार आता तंबोऱ्याच्या शेजारी उभी होती. वापरात नसेल तर तारा सैल करून ठेवतात, असं मी म्हणाले. काकूंनी नकारार्थी मान हलवली, गिटार मांडीवर घेतली आणि बोटाने एकेक तार छेडली. दुसरीवर थांबल्या.

"थंडीने परत चढलीय ही," त्या म्हणाल्या, आणि खुंटी किंचित पिळून त्यांनी ती तार जागेवर आणली.