तलावावरचं हळदी-कुंकू

शुक्रवारी संध्याकाळी मी चष्मा न लावता एक मेसेज पाठवला. जायचा होता तो आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या क्लबाच्या ग्रुपवर, गेला तो मराठी महिला मंडळाच्या ग्रुपवर. मेसेज असा होता: "रविवारी सकाळी सहाला भिलाई-३ च्या पुढच्या तलावावर हळदी-कुंकू. अगदी जवळून. सगळ्यांनी यावे. लाल-पिवळे कपडे घालू नयेत. तिथे बोलू नये."

आता, हळदी-कुंकू हे एक बदक आहे. नाव मी ठेवलेलं नाही, मराठीत ते तसंच आहे. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक, आणि चोच जिथं कपाळाला भिडते तिथं दोन्हीकडं लाल ठिपका. कोणा रसिक माणसानं ते पाहिलं आणि नाव ठेवून तो मोकळा झाला. पुढं ऐन चैत्रात, घरोघरी हळदी-कुंकवं चालू असताना, एखाद्याचा संसार त्या नावापायी अडचणीत येईल, हा विचार त्यानं केला नाही.

बायकांच्या ग्रुपवर मी काय करत होतो, हे सांगायला पाहिजे. मंडळाचा कार्यक्रम असला की माईक, खुर्च्या आणि सतरंज्या माझ्याकडं असतात, म्हणून मला त्या ग्रुपात घेतलेलं. मंडळात माझी ओळख 'माईकवाले भाऊजी' अशी आहे. पक्ष्यांच्या क्लबात तेवढीही नाही. डॉक्टरनं चालायला सांगितलं, नुसतं चालायचा कंटाळा येतो, म्हणून मी क्लबात गेलो. तिथं पहिल्याच महिन्यात एका पाणकावळ्याचे बरेच फोटो काढले. नंतर वारा आला आणि पाणकावळा फुगून उडाला, तेव्हा ती प्लास्टिकची काळी पन्नी निघाली. क्लबाचे अध्यक्ष स्टील प्लांटमधून रिटायर झालेले बंगाली गृहस्थ. त्यांनी नियम केला होता, की ज्याला पक्षी दिसला त्यानं रविवारचं बोलावणं आधी आपल्या भाषेत लिहायचं, मग हिंदीत. क्लबात तेलुगू आहेत, मल्याळी आहेत, छत्तीसगढी आहेत. सगळ्यांच्या भाषांतली नावं जमतील म्हणून. हळदी-कुंकू मला दिसलं होतं. हिंदीतला मेसेज बरोबर क्लबाला गेला. मराठीतला असा वाट चुकला.

शनिवारी सकाळी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात माझा नाही, तिचा फोन.

"अहो, तुमी तलावावर कोणतं हळदी-कुंकू ठेवून राहिले?"

"बदक आहे ते," मी म्हणालो.

"काय आहे?"

"बदक. क्लबाचं."

तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. यावेळी मी चष्मा लावला. खाली उत्तरांची रांग होती. जोडलेले हात, गुलाबाची फुलं. एकीनं लिहिलं होतं, "सकाळी सहाले कावून? पण येतो." दुसरीनं, "बोलायचं नाही म्हणजे मौनव्रत आहे का?" तिसरीनं, "हळदी-कुंकवाले लाल-पिवळं नाही घालायचं तं कवा घालायचं?" आणि मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी, ज्या आजवर माझ्या कोणत्याही माईकबद्दल चांगलं बोलल्या नव्हत्या, लिहिलं होतं: "निसर्गाच्या सान्निध्यात. छान कल्पना भाऊजी. थाळी मी आणते."

मी लगेच लिहायला घेतलं, 'क्षमस्व, चूक झाली, ते बदक आहे'. 'बदक'पर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊजी, मी बोलून राहिली. बोरसीवरून."

ही माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको. फोनवर ती गावाचं नाव नेहमी सांगते, जशा काही माझ्या गावोगावी वहिन्या आहेत.

"बोला वहिनी."

"ते तलावाचं वाचलं मी ग्रुपवर." आणि मग, "सगळ्यांनी यावं लिहिलं तुमी. म्हणजे मी बी येऊ न?"

माझा अंगठा फोनवर तसाच राहिला.

भाऊ गेल्यापासून वहिनीला हळदी-कुंकवाचं बोलावणं नाही. मंडळाची ती जुनी मेंबर, ग्रुपातही आहे. पण त्या मेसेजात 'सर्व सुवासिनींनी' असं असतं. कोणी मुद्दाम लिहीत नाही, आधीपासून तसंच लिहीत आले. दर चैत्रात वहिनीच्या हातची कैरीची डाळ डब्यातून बोरसीहून येते, सगळ्या बायका ती चाटूनपुसून खातात, डबा धुऊन परत जातो. वहिनी येत नाही. आणि वहिनी कोणी केविलवाणी बाई नव्हे. भाजीवाला तिला पाहिलं की काटा आधी सरळ करतो.

"या न वहिनी," मी म्हणालो. "मी घ्यायले येतो."

फोन ठेवला, तर बायको माझ्याचकडं बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वहिनीचा आवाज फोनबाहेर येतोच.

"मग मी आता काय लिहू ग्रुपवर?"

"काही लिहू नका. हात नका लावू फोनले."

"अन् बदक?"

"बदकाचं तुमी पाहा. ताई येऊन राहिल्या न? तं हळदी-कुंकू होईन." ती हरभरे भिजत घालायला आत वळली, आणि तिथूनच म्हणाली, "काकू थाळी घेऊन फिरतीन. फिरत फिरत ताईपाशी येतीन. मग काय?"

"मग काय?"

"तेच तं म्हणून राहिली मी."

त्या दिवशी आम्ही दोघांनीही तेवढ्याच गोष्टीचा विचार केला. काकू वाईट नाहीत. पण त्यांचा हात सवयीनं चालतो. कोणापुढं थांबायचं आणि कोणाला वळसा घालायचा, हे त्या हाताला पाठ आहे. वहिनी पहाटे उठून, नेसून, बोरसीहून इतक्या दूर यायची आणि चारचौघींत तिला वळसा घातला जायचा. त्यापेक्षा ती घरी होती तेच बरं होतं, असं तिला वाटलं तर तो माझ्या अंगठ्याचा पराक्रम.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही बोरसीला पोचलो. वहिनी फाटकापाशी तयार उभी. मातकट रंगाची सुती साडी, हातात डबा.

"लाल-पिवळं नको म्हणाले न तुमी. हे चालते?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो. अख्ख्या मंडळात माझ्या सूचना मानणारी ती एकटीच निघणार, याची मला कल्पना होती. रस्त्यानं तिला खरं काय ते सांगावं असं मी ठरवलं होतं. सुपेलापर्यंत शब्द जुळवले. पॉवर हाउस गेलं, प्लांटची धुराडी गेली, भिलाई-३ गेलं. पुढं खिडकीतून मोहाच्या फुलांचा वास आला आणि वहिनी म्हणाली, "भाऊजी, किती दिवसांनी इकडं आली मी." मग मी नुसता गिअर बदलला.

चैत्रात त्या तलावाचं पाणी आत ओढलं जातं, कडेला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पलीकडं बेशरमाच्या झुडपांची दाट रांग. हिवाळ्यात लांबून आलेली बदकं होळीच्या आसपास निघून जातात आणि तलावावर घरचीच मंडळी उरतात: टिबुकल्या, शेकाटे, लांब बोटांनी कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, आणि आमचं हळदी-कुंकू.

क्लबाची चार-पाच माणसं आधीच आली होती. खाकी टोप्या, हिरवे शर्ट, शिंकसुद्धा दाबून धरणारी. अध्यक्षांनी तिपाईवर मोठी दुर्बीण लावली होती. आणि तेवढ्यात मंडळाची गाडी आली. आधी हसण्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग पिवळं, लाल, केशरी, जरीचं असं सगळं एकदम खाली उतरलं. शेकाटे ओरडत उडाले. टिबुकल्यांनी एकामागून एक बुड्या मारल्या.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "भाई साहब, ये क्या है?"

"महिला मंडल."

"वो तो दिख रहा है. क्यों है?"

आता सुटका नव्हती. एका बाजूला खाकी, एका बाजूला जरी, मधे मी. आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत. हळदी-कुंकू हे बदकाचं नाव आहे, बोलायचं नाही ते बदकासाठी, लाल-पिवळं नको तेही बदकासाठी. मग एक बाई पदर तोंडावर धरून खाली बसली ती हसतच बसली, आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या.

"म्हणजे मौनव्रत बदकाले होतं!"

"पहाटे चारले उठली मी, भाऊजी! नवऱ्यानं विचारलं कुठं चालली, तं काय सांगू आता घरी?"

"माईकवाले आता बदकवाले झाले!"

अध्यक्षही हसले. मी वहिनीकडं बघत होतो. वहिनी हसत नव्हती. डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. बायको तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

मग वहिनीनं डबा बायकोच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "दाखवा तं मग. आली आहो एवढी."

बेशरमाच्या आडून एक जोडी बाहेर आली होती. एवढ्या गोंधळात ती दोघंच काय ती निवांत होती. अध्यक्षांनी दुर्बीण तिकडं वळवली आणि वहिनीला पुढं बोलावलं. वहिनी वाकली. आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर मिटला. मग बराच वेळ ती तशीच.

"हो वो माय," ती म्हणाली. "खरंच लावलं आहे की." आणि दुर्बिणीतून डोळा न काढता, "यातलं बाई कोणतं, बुवा कोणता?"

मी अध्यक्षांना हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "दोनों एक जैसे, भाभीजी. मादा का लाल थोड़ा छोटा."

"अन् एखादं एकटं राहिलं तं?"

अध्यक्षांना मराठी येत नाही. ते माझ्याकडं बघायला लागले, "क्या पूछ रही हैं?" मी कसंबसं सांगितलं, की जोडीतला एक मेला तर त्या रंगाचं काय होतं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "रंग का क्या होगा? चमड़ी का रंग है, पैदाइशी. वो कहाँ जाएगा?" आणि लगेच ते कोणाला तरी दुर्बिणीचा पाय नीट धरायला सांगू लागले.

वहिनीनं हूं केलं.

ऊन वर आलं. चिंचेखाली सतरंजी पडली (सतरंजी माझीच, गाडीत कायमची असते). पन्हं निघालं, कैरीची डाळ निघाली. क्लबाच्या लोकांनीही द्रोण घेतले आणि बोलू नये हा नियम आपोआप मोडला. आणि काकूंनी थाळी उचलली.

त्या फिरायला लागल्या. हळद, कुंकू, ओले हरभरे. एकीपुढून दुसरीपुढं. मी पन्ह्याचा पेला घेऊन शेजारच्या झाडाला टेकलो होतो आणि थाळीवर नजर ठेवून होतो. बायको मुद्दाम वहिनीच्या शेजारी बसली होती. काकूंनी बायकोला कुंकू लावलं, सरळ झाल्या, आणि पुढचं पाऊल टाकताना अडखळल्या. वळसा घालायला जागा नव्हती. वहिनीच्या पलीकडं चिंचेचं खोड. काकू थाळी घेऊन तशाच उभ्या. त्यांची मान लालेलाल. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

वहिनीनं मान वर केली.

"काकू, कुंकू राहू द्या," ती म्हणाली, अगदी भाजीवाल्याशी बोलावं तशी. "हरभरे द्या मले. सकाळपासून पोटात काही नाही." आणि तिनं पदर पसरला.

काकूंनी थाळी खाली ठेवली. मूठभर द्यायला हात घातला, मग दुसराही घातला, आणि ओंजळ भरून हरभरे वहिनीच्या पदरात टाकले. पुन्हा एकदा टाकले. ओटी भरतात ती अशीच भरतात. टाकून झाल्यावर काकूंच्या ते ध्यानात आलं, बाकीच्यांच्याही आलं असावं. एकीनं फक्त डाळीचा डबा पुढं सरकवला. वहिनीनं हरभरा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग एक मूठ अध्यक्षांना दिली. त्यांनी ती पोपटासारखी एकेक करून खाल्ली.

परतताना गाडीत वहिनीनं इतक्या गप्पा मारल्या, की बोरसी कधी आलं कळलं नाही. कमळपक्ष्याची बोटं, टिबुकलीची बुडी, त्या बंगाल्याची दुर्बीण केवढ्याची असेल. उतरताना मला म्हणाली, "दुसरं बी काही पाखरू असलं तं सांगत जा, भाऊजी."

घरी आल्यावर मी आरामात खुर्चीत पसरलो. माझ्या एका चुकीनं किती चांगलं घडलं, यावर मी बायकोला बरंच काही ऐकवलं. मनातल्या मनात मी जवळजवळ समाजसुधारक झालो होतो. ती ओला डबा पुसत होती. माझं संपेपर्यंत ती थांबली.

"ताईले अजून कोणी बोलावलंच कुठं?" ती म्हणाली. "बोलावणं तं बदकाचं होतं. शुक्रवारी मंडळाचं हळदी-कुंकू आहे. मी बोरसीले जाऊन तोंडानं सांगून येतो, माणसाले सांगतात तसं. एवढे दिवस मलेच सुचलं नाही. उठा, गाडी काढा. अन् तुमी वर येऊ नका, खालीच बसा."