पाचवी मूठ

आमच्या घरात देवीची परडी आहे. परडी म्हणजे बांबूची छोटी टोपली, काठाला कवड्या आणि आत हळदीकुंकू. दर मंगळवारी ती घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. दारात 'उदो' म्हणायचं, घरातली बाई मूठभर पीठ घालते, परडीला कुंकू लावते, की पुढचं दार. सासू थकली की परडी सुनेच्या हातात येते. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, शहाऐंशीच्या झाल्या तरी थकल्याचं कबूल करत नव्हत्या. खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. दारोदार मागायचं म्हटलं की माझी मान खाली जायची.

पाच घरांना आत्यांना दीड तास लागायचा. मी चिडवायचे, "आत्या, पीठ मागायला जाता का दळून आणायला?"

"तुला जीभ हाय, बोल माय," म्हणायच्या आणि काठी टेकत निघायच्या.

आमचं गाव धाराशिवकडच्या वाशीपासून जवळच. गल्लीतली निम्मी घरं कुलपात असतात. पोरं पुण्याला, चाकणला. त्यांची दारं दिवाळीला उघडतात. बाकीच्या घरांत सगळी पिकली पानं. त्यांच्यात बासष्टाव्या वर्षी मीच तरणी.

गेल्या वर्षी आत्या ओट्याच्या पायरीवरून घसरल्या. मुका मार लागला, पण मी घाबरले. म्हटलं, "पुरे झालं आत्या. आयुष्यभर केलंत, आता तुम्ही बसा." पाची घरी सांगून आले की मंगळवारी मूठभर पीठ आमच्याकडंच आणून द्या. सगळ्यांना पटलं. सून असावी तर अशी, असंही एकीनं म्हटलं आणि मला ते आवडलं. आत्या एवढंच म्हणाल्या, "मागितल्याबिगर आलं तर त्यो जोगवा नसतो."

मी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांत आत्या खरोखरच म्हाताऱ्या झाल्या. आज वार कोणता, हेही विचारेनाशा झाल्या. फक्त मंगळवारी दाराशी बसून राहायच्या.

अशाच एका मंगळवारी चारच घरचं पीठ आलं. पाचवं घर मागच्या गल्लीतल्या म्हातारीचं. एकटीच राहायची, मुलगा पुण्याला. विसरली असेल, असं मला वाटलं. चुलीवर भात होता, गुडघा ठणकत होता, कोण जातंय तिकडं. पाचवी मूठ मी आमच्याच डब्यातली घातली.

"पाची घरचा आला का?" आत्यांनी विचारलं.

"आला की," मी म्हणाले.

बुधवारी दुपारी त्या म्हातारीच्या मुलाचा फोन आला. "काकू, कालपासून आई फोन उचलत नाही, जरा बघता का?" मी गेले. दाराला आतून कडी. शेजारच्या दोघांनी मागच्या भिंतीवरून उतरून दार उघडलं. म्हातारी न्हाणीत पडली होती, सोमवार संध्याकाळपासून. खुबा मोडलेला, ओठ पार सुकलेले, पण शुद्धीवर होती. मी चमच्यानं पाणी पाजलं. दोन घोट झाल्यावर ती म्हणाली, "काल मंगळवार हुता नव्हं? लई वाट बघितली."

फेरी बंद झाल्याचं तिला आठवत नसावं, किंवा आठवत असूनही तिनं वाट बघितली असावी. धाराशिवच्या दवाखान्यात नवव्या दिवशी ती गेली.

त्या दिवशी मी आत्यांना पाचव्या मुठीचं सांगितलं. त्या मला वाट्टेल ते बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "म्या तिच्या दाराला काठी हाणायचे. पीठ ऱ्हाऊ दे, नुसतं व्हय म्हण, म्हणायचे. आतून व्हय आलं की मगच फुडं सरकायचे. समद्याच घरी तसं."

"मला कधी सांगितलं नाहीत, आत्या."

"तू कधी इचारलंस?"

दीड तासाचा हिशोब मला तेव्हा लागला. एवढी शिकलेली बाई मी, आणि वीस वर्षं समजत होते की म्हातारी गप्पा छाटत बसते. माझी मला लाज वाटली, अजून वाटते.

आता परडी माझ्याकडं आहे. मान खाली जात नाही, गुडघे मात्र जातात. पाचवं घर पलीकडच्या आळीत शोधावं लागलं. घरी आले की आत्या पीठ बघत नाहीत. कोण काय बोललं, ते एकेक घर घेऊन विचारतात.

परवा पुण्याच्या सुनेचा फोन होता. पोरगी चांगली आहे, नोकरी करते, माझ्यावर जीव आहे. माझ्यामागं परडी घेशील का, एवढं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण जोगव्याचं नाव काढताच ती म्हणाली, "अहो आई, या गुडघ्यांनी कशाला फिरता? आयुष्यभर केलंत, आता तुम्ही बसा."

शब्द माझेच होते आणि मायाही माझ्याइतकीच खरी होती. रागवायचं कुणावर? परडीचं मी तिथंच सोडलं.

"एक कर," मी म्हणाले. "दर मंगळवारी मला फोन करत जा. नाही उचलला तर शेजारी कर."