न पाझरणारे माठ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजून तापतं. इतकी वर्षं झाली, पण चूक माझ्या एकट्याची नव्हती हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. म्हणजे, होती. पण लोक म्हणतात तेवढी नव्हती.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार. बँकेने मला साताऱ्याहून उचलून थेट बनारसला टाकलं. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत तळमजला भाड्याने मिळाला. वर मालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळे काकू म्हणायचे. पाच पिढ्या काशीतल्या, पण घरात मराठी. निम्मी हिंदी, तरी मराठीच. मागे एक छोटंसं अंगण होतं आणि त्यात चक्क ऊन यायचं. त्या गल्ल्यांत ऊन म्हणजे काय चैन, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. मी लगेच वांगी, दोडका आणि कारली लावली.

लावली खरी, पण पाणी कुठून आणू? नळ यायचा सकाळी पाऊण तास. त्यात आंघोळी, भांडी, पिण्याचं. उरलेलं पाणी वांग्यांना घालायला गेलो की बायको बादलीवर हात ठेवून उभी.

तेव्हा बँकेतल्या शेतीकर्जाच्या साहेबांनी युक्ती सांगितली. साधे मातीचे माठ घ्यायचे, रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. माठ हळूहळू पाझरतो आणि मुळं आपल्याला हवं तेवढंच पाणी ओढून घेतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचं. झालं.

मला हे फारच आवडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रामदुलार नावाचा कुंभार बसायचा. त्याच्याकडून चार माठ आणले. काकू आधी अंगण खणू देईनात, पण मी त्यांची समजूत घातली. कशी घातली ते येईलच पुढे, घाई करू नका.

रोज सकाळी दात घासत मी झाकण्या उचलून बघायचो. पहिल्या दिवशी माठ काठोकाठ. म्हटलं, नवीन आहेत. दुसऱ्या दिवशी काठोकाठ. चौथ्या दिवशी काठोकाठ. आठवा दिवस उजाडला तरी पाणी बोटभरसुद्धा उतरलेलं नाही.

आता तुम्हीच सांगा, माणसाचा संताप होईल की नाही?

"त्या रामदुलारने फसवलं मला," मी बायकोला म्हणालो. "माठ भलतेच भाजलेत. थेंबभर पाझरत नाहीत."

"पण वांगी तर छान दिसतायत," ती म्हणाली.

"वांग्यांचं काय घेऊन बसलीस? प्रश्न माठाचा आहे."

आणि मी तडक निघालो. अक्षय तृतीया दोन दिवसांवर आलेली. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला उदककुंभ दान द्यायचा, म्हणून गल्लीतल्या मराठी बायका रामदुलारच्या दुकानासमोर माठ वाजवून वाजवून बघत होत्या. मी त्या सगळ्यांच्या देखत आवाज चढवला.

"क्या मटका दिया है तुमने? आठ दिन हो गये, एक बूंद नहीं टपका।"

रामदुलारने चाकावरचा हात काढला. "चूता नहीं है?" म्हणजे, गळत नाही?

"बिलकुल नहीं।"

"तो साहब, तकलीफ क्या है?"

बायका फिसकन हसल्या. मी आणखी भडकलो.

"मुझे चूनेवाला चाहिये था।"

"सब्जी सूख रही है?"

"नहीं। सब्जी तो बढ़िया है। मगर वो बात नहीं है।"

रामदुलार माझ्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं मडकी घडवणाऱ्या त्या माणसाकडे अशी तक्रार घेऊन कुणी गेलं नसेल. म्हणाला, कल सबेरे खुद आकर देखूंगा. मी म्हटलं, जरूर. आणि जाता जाता बायकांकडे वळून पुन्हा खणखणीत आवाजात सांगितलं, "याचे माठ आठ-आठ दिवस पाझरत नाहीत, लक्षात ठेवा." मला वाटलं, शिकवला की नाही चांगला धडा.

दुसऱ्या दिवशी रामदुलार भल्या पहाटेच आला. आम्ही दोघं मागच्या दाराशी उभे. तेवढ्यात जिन्याकडून काकू आल्या. ओलेती साडी, कमरेवर पितळेची कळशी. नुकत्याच गंगेवरून येत होत्या. त्यांनी एकेक झाकणी उचलली, चारही माठ काठोकाठ भरले आणि हात जोडले.

"काकू, हे काय?"

"का बरं? रोज भरते की. तुम्हीच तर म्हणालात, पितरांसाठी आहेत. पितरांचं पाणी कमी पडू देऊ का मी? गुडघे दुखतात, सीढी चढवत नाही, पण म्हटलं पुण्याचं काम आहे."

तर अशी घातली होती मी समजूत. भाजीसाठी अंगण खणू देत नव्हत्या, म्हणून म्हणालो होतो की यंदा उदककुंभ जमिनीत ठेवायचा नेम केलाय. एवढंसं खोटं. त्यासाठी त्या म्हाताऱ्या बाईने आठ दिवस घाटाच्या पायऱ्या चढून माझ्या वांग्यांना गंगाजल पाजलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामदुलार हसला नाही. नुसता म्हणाला, "चलता हूं साहब, दुकान में भीड़ है।"

भीड़ कसली, ते मला अक्षय तृतीयेच्या सकाळी कळलं. दारात पाच बायका. सगळ्यात पुढे शेजारच्या वैद्यबाई, पदर खोचून.

"तुम्ही सांगितलंत म्हणून त्याच्याकडचे माठ नेले. रात्रीतून अर्धं पाणी गेलं. देवघरात तळं झालंय. आता गुरुजी दारात येतील, त्यांना काय अर्धा कुंभ देऊ?"

"मग त्याला जाऊन विचारा ना."

"विचारलं. तो म्हणतो, मटका मेरा है, गारंटी साहब की है."

याला काय म्हणावं? मी चिडलो. आयुष्यात मी इतका कधी चिडलो नव्हतो. एवढा चांगला कारागीर आणि या बायका त्याच्या मालाला नावं ठेवतायत?

"अहो, पाझरणारच," मी ओरडलो. "जो पाझरतो तोच खरा माठ. त्याच्या मालात काडीचा दोष नाही. तुम्हाला माठातलं कळतं तरी काय?"

वैद्यबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आणि परवा गल्लीत बोंबलत कोण होतं?"

मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती फडकं आणि बादली घेऊन उभीच होती.

त्या अक्षय तृतीयेला, गुरुजी यायच्या आत, मी पाच घरची देवघरं पुसली.